बिंदग्याचं घोंगडं

ये मनू, अशी जवळ सरक. तो फोन आधी पालथा ठेव. माझ्या पुढ्यात बसून त्यात बघायचं नाही, किती वेळा सांगितलं तुला. आता तू पुण्यात आणि मी लातुरात, तरी वाचताना असंच समज की आजीच्या मांडीला मांडी लावून बसलीस, कारण मला तुला बोलायचंय आणि रागावूनच बोलायचंय. परवा येळवसला शेतात पंगत बसली होती, तेव्हा तुझ्या बापानं ती गोष्ट सांगितली. धर्माबादची सून ‘चली, चली’ म्हणाली आणि खरंच चली गेली. सगळी पंगत हसली. तुला तर इतकं हसू आलं की आंबिलीचा ठसका लागला. मी तुझी पाठ चोळली आणि गप्प बसले. सणाच्या दिवशी शेतात तोंड वाईट करू नये म्हणून. पण त्या दिवसापासून घास गोड लागत नाही मला. तुझ्या बापाचीही चूक नाही म्हणा, त्यानं ती गोष्ट माझ्या मायकडून ऐकली. मायनं ती चाळीस वर्षं अशीच सांगितली, लग्नात, बारशात, वाळवणं घालताना, आणि दरवेळी लोक हसले. मी तिथंच असायची. मीही एक-दोनदा हसलेय, ते का लपवू.

आणि वर काल तुझा निरोप आला. थंडीची लाट येणार आहे, आजी, स्वेटर घाल, गरम पाणी पी, पहाटे बाहेर पडू नको. त्याच्यासोबत ते चित्र, थंडीनं काय काय होणार त्याचं. बाळ, तू काळजी केलीस, बरं वाटलं. पण त्या चित्रात खरं ते काहीच नाही. थंडी पडली की काय होतं ते मी सांगते. थंडी पडली की घरात कोण कुठं झोपतं ते ठरतं. चुलीपाशी कोण आणि दारापाशी कोण. ऊन पाणी आधी कुणाला आणि गार पाण्यात हात कुणाचे. जाड वाकळ कुणाच्या अंगावर आणि विरलेलं लुगडं कुणाच्या. आभाळातून थंडी सगळ्यांवर सारखीच उतरते, घरात आल्यावर तिची वाटणी होते. आमच्या घरात ती वाटणी माझी माय करायची.

आमचं गाव औशाच्या अलीकडं, घर माळवदाचं. पुढं ढाळज, तिथं आबा झोपायचे, म्हणजे माझे वडील. मधल्या घरात चूल, तिथं माय. आणि मागं एक पडवी होती, तिची एक भिंत तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, वरून शेणमाती लिंपलेली. पावसाळ्यात ती माती गळून जायची आणि दिवाळीपर्यंत कुणी हात लावायचं नाही, मग थंडीत तुराट्यांच्या फटींतून वारा असा यायचा की जणू कुणी पलीकडं बसून फुंकतंय. त्या पडवीत वैनी आणि मी. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भावाला आम्ही अण्णा म्हणायचो, तो नांदेडला शिलाईच्या दुकानात कामाला होता, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. आबा मिरच्या घ्यायला धर्माबादच्या बाजारात जायचे, तिथं वैनीच्या वडिलांची ओळख झाली आणि त्यातून हे लग्न जमलं. माहेरी तिचं नाव लच्चव्वा. आमच्याकडं तांदळात शालन लिहिलं आणि ती शालन झाली. मायला ‘लच्चव्वा’ उच्चारायलाच कसंतरी व्हायचं.

तिच्या घरात तेलुगू बोलायचे. शाळा मराठी झालेली, तीही चौथीपर्यंत, त्यामुळं मराठी तिला यायची पण ती पुस्तकातली. आमचं ‘काय करायलीस’, ‘कुठं चाललीस’ तिला पहिल्या वर्षी नीट लागायचंच नाही. शब्द अडला की ती बाजारातली हिंदी मधे घालायची, ‘आती’, ‘जाती’, ‘नक्को’ असं. माय तिची नक्कल करायची, शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि वैनीही हसायची, कारण दुसरं काय करणार. मला मात्र ती लई आवडायची. दोघी एका वाकळेत झोपायचो आणि ती मला तिचे शब्द शिकवायची. पाण्याला नीळ्ळू, भाताला अन्नम. तुराट्यांतून वारा आला की माझे पाय आपल्या पायांत घेऊन म्हणायची, चली. चली म्हणजे थंडी. मी म्हणायचे, अगं चली म्हणजे तर गेली. ती म्हणायची, तुमच्याकडं गेली, आमच्याकडं आली. आणि आम्ही दोघी वाकळेत तोंड दाबून हसायचो. हे लक्षात ठेव मनू, की मला तो शब्द माहीत होता.

त्या वर्षी येळवस जवळ आली आणि थंडी अशी पडली की खोबरेल तेलाची बाटली चुलीपाशी ठेवली तरी थिजलेली. आडावरच्या दोरीला हात लावला की हाताला चावायची. सकाळी हरभऱ्यावर दव इतकं की रानात जाऊन आलेल्या बायांची लुगडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. म्हातारी माणसं खूश होती, ज्वारीला हरभऱ्याला असाच गारठा पाहिजे म्हणायची, आणि ते खरंच होतं, पीक झकास उभं होतं. तुझ्या पुण्यातल्या मैत्रिणींना येळवस ठाऊक नाही म्हणतेस, म्हणून लिहून ठेवते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं सगळं घर शेतात जाऊन जेवतं. कडब्याची कोपी, म्हणजे खोपट, करतात, आत पांडव म्हणून दगड मांडतात, पूजा करतात. आदल्या दोन दिवसांपासून बायांच्या हाताला उसंत नसते. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील करायची, सगळ्या पालेभाज्या आणि हिरव्या शेंगांचे दाणे एकत्र करून भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. आंबील बिंदग्यात, म्हणजे मातीच्या घागरीत भरतात आणि घरातला कर्ता माणूस ती डोक्यावर घेऊन शेतात जातो. बिंदग्यावर घोंगडं पांघरायचं, ही आमच्या घरची रीत. घरात जाड घोंगडं एकच होतं.

येळवसच्या आधी दोन आठवडे वैनीच्या माहेरून निरोप आला होता, मुलीला चार दिवस पाठवा म्हणून. माय म्हणाली, येळवस झाल्यावर बघू, आत्ता कामाला हात पाहिजेत. वैनी काही बोलली नाही. पण मायच्या डोक्यात ते बसलं की हिचं सगळं ध्यान माहेराकडं. मग वैनी कुठं बसली, दाराकडं तिनं बघितलं, हळू चालली, की माय म्हणायची, वाट बघायलीय धर्माबादच्या गाडीची.

येळवसच्या तीन दिवस आधी सकाळी वैनी भांडी घासता घासता थांबली. हौदाच्या काठाला टेकून बसली आणि मायला म्हणाली की हिव वाजायलंय. अगदी आमच्या शब्दात म्हणाली, शिकलेली. आता आमच्याकडं हिव म्हणजे थंडीही आणि हिव म्हणजे अंगात भरणारा तो हिवतापही. मायनं भाकरीवरचा हात न काढता सांगितलं, सगळ्या गावालाच हिव वाजायलंय, तुझंच काय नवल. आणि वैनी उठली, राहिलेली भांडी घासली. ते पाणी मी बोट घालून बघितलं होतं सकाळी. बोट बधिर झालं होतं.

दुपारी ती कणगीआड जाऊन पडली. उठली, दळलं, परत पडली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे दात असे वाजत होते की मला जाग आली. मी मायला सांगितलं की वैनी लई कापायलीय. माय आली, उभ्या उभ्याच बघितलं, हात काही लावला नाही, आणि मला म्हणाली, तू ये मधल्या घरात, हिच्या तळमळण्यानं तुझी झोप मोडायलीय. मी गेले. चुलीपाशी मायच्या बाजूला जागा मिळाली, राखेची ऊब होती, मला इतकी गाढ झोप लागली की सांगता सोय नाही. वैनी पडवीत एकटी. वाकळ माझ्यासोबत आत आली, कारण माय म्हणाली पोरीला पांघरूण लागंल. तिला काय राहिलं होतं ते मला आठवत नाही. आठवत नाही असं म्हणते, खरं म्हणजे मी बघितलंच नाही.

त्या संध्याकाळी शेजारच्या दोघी बाया शेंगा सोलायला आल्या होत्या. दिवा लागायची वेळ. वैनीला मायनं हाक मारून शेंगा सोलायला बसवलं होतं, ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या हातात शेंग तशीच होती. डोळे अर्धे मिटलेले. ती पुटपुटायला लागली. चली. चली. चली. तापात माणसाच्या तोंडून त्याच्या आईचीच भाषा निघते, हे मला आता माहीत आहे, तुझा आजोबा गेला तेव्हा मी बघितलं. तेव्हा माहीत नव्हतं. माय शेंगा सोलता सोलता थांबली आणि बायांना म्हणाली, “ऐकलंव का? चली म्हणं. मराठीत इचारून झालं, आता हिंदीत चाललीय माहेराला.” बाया हसल्या. एक म्हणाली, गाडी धरून ठिवा म्हणावं बाई धर्माबादची, सून निघालीय. परत हसल्या. वैनीनं डोळे उघडले, सगळ्यांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी म्हणायला तोंड उघडलं, की माय, तसं न्हाई. मायनं माझ्याकडं नजर टाकली. आणि मी खाली बघून शेंग सोलली.

तिनं दोन भाषांत सांगितलं गं मनू. आधी आमच्या भाषेत, मग तिच्या. एका भाषेत ऐकूनही ऐकलं नाही आणि दुसरीची थट्टा केली. लोक मला सांगतात, तुमच्या आईनं तरी काय कमी सोसलं होतं, नवव्या वर्षी लग्न होऊन आली होती, सासूनं तिलाही असंच वागवलं. मला माहीत आहे. माझी माय होती ती, तिच्या पायाच्या भेगा मी चोळल्यात. पण ज्यानं सोसलंय त्याला तर आधी कळायला पाहिजे. ज्या बाईनं स्वतः त्या पडवीत दहा हिवाळे काढले, तिला त्या भिंतीतून वारा येतो हे कुणी सांगायचं? हे बोलणं ऐकलं की मला अजून अंगाची लाही होते. सोसणं म्हणजे काय दाखला आहे का, पुढच्याला सोसायला लावायचा.

येळवसच्या पहाटे वैनीला तिसऱ्या कोंबड्याला उठवलं. सणाचा स्वयंपाक अंघोळीशिवाय चालत नाही. ऊन पाण्याचा हंडा आबांसाठी. तिनं आडाचं पाणी अंगावर घेतलं आणि ओल्या केसांनी चुलीपुढं बसली, तेवढीच तिला ऊब मिळाली असेल. भज्जी तिनंच हाटली. उजाडल्यावर आम्ही निघालो. आबांच्या डोक्यावर बिंदगा, बिंदग्यावर घोंगडं, मागं माय दुरडी घेऊन, तिच्यामागं वैनी दुसरी दुरडी घेऊन, आणि मी. वाटेनं वारा समोरून येत होता. काळं जाड घोंगडं, चांगलं धनगरानं विणलेलं, ते त्या मडक्यावर नीट पांघरलेलं, दोन्ही बाजूंनी खाली सोडलेलं, आंबिलीला वारा लागू नये म्हणून. आणि माझ्यापुढं वैनीच्या पाठीवर ओल्या केसांनी भिजलेला पदर. मी तो रस्ता अजून बघते. डोळे मिटले की दिसतो.

शेतात गेल्यावर पूजा झाली. पंगत बसली, शेजारच्या शेतातले लोकही होते, कारण येळवसला कुणालाही बोलवायचं आणि कुणीही जेवायचं. वैनी वाढत होती. आंबिलीचा तांब्या घेऊन ती कोपीतून बाहेर आली, दोन पावलं टाकली आणि खाली बसली. बसली म्हणजे पडलीच. तांब्या लवंडला, आंबील सगळी पांडवांपुढं सांडली. माय उठली आणि पहिलं काय म्हणाली माहीत आहे? लक्षिमी सांडली म्हणाली. सणाच्या दिवशी कोपीपुढं आंबील सांडली, आता वर्षभर काय बघावं लागंल. आणि वैनीला म्हणाली की एवढीच घाई असंल तर आत्ताच्या आत्ता जा. वैनी जमिनीवरच म्हणत होती, चली, चली. पंगतीतलं कुणीतरी हसलंही.

मी तिच्याजवळ होते. तिला उठवायला हात धरला आणि सोडला, कारण चुलीवरून उतरवलेला तवा धरावा तसं झालं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं. “चली म्हंजी हिव, माय. तिला जायाचं न्हाई. तिला हिव वाजायलंय. तीन दिवस झालं सांगायलीय ती.”

  आबा पंगतीवरून उष्ट्या हातानं उठले, असं ते कधी करायचे नाहीत. त्यांनी वैनीच्या कपाळाला हात लावला. सासरा सुनेच्या अंगाला हात लावत नाही तेव्हाचा काळ होता, पण लावला. मला विचारलं, तुला हे कवापून ठाऊक हाय. मी म्हणाले, पहिल्यापून. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं. मग त्यांनी बिंदग्यावरचं घोंगडं ओढलं, बिंदगा कलंडला तरी बघितलं नाही, आणि तिला त्यात गुंडाळून शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. औसा तिथून दोन कोस. मी गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. माय शेतातच राहिली. पंगत उठवायची होती.

औशाच्या डॉक्टरनं सांगितलं की हिवताप आहे आणि छातीतही धरलंय. ते चिडले होते. आबांना म्हणाले, उद्या आणला असता पेशंट तर मला बोलवायचं कामच नव्हतं. आबा मान खाली घालून उभे. आठ दिवस वैनी तिथं होती. चौथ्या दिवशी ती शुद्धीत येऊन पाणी मागायला लागली. माय रोज डबा घेऊन यायची, ते मी नाकारत नाही, मऊ भात आणायची, हातानं भरवायचीही. पण तिच्या तोंडून एकच निघायचं, अगं नीट सांगायचं की, आम्हाला काय तुझी भाषा येती. वैनी भात खायची. तिचे वडील धर्माबादहून आले आणि दवाखान्यातूनच तिला घेऊन गेले. अण्णा नांदेडहून सुटी काढून धर्माबादला गेला, महिनाभरानं त्यानं नांदेडला खोली केली आणि तिला तिकडं नेलं. ती परत आमच्या घरात राहायला कधी आली नाही. सणावाराला यायची, नमस्कार करायची, गाडीला परत. आणि माय म्हणायची, सुनेनं माझं पोरगं तोडलं. त्यातूनच मग ती गोष्ट झाली, चली म्हणाली आणि चली गेली. तिला तसं सांगणं सोपं पडत असंल. हसून सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही.

आता वैनी नांदेडला आहे, लेकाकडं. अण्णा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. गुडघे गेलेत तिचे, पण मराठी अशी बोलते की मलाच लाज वाटावी. मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडं दोन दिवस राहून आले. गच्चीवर उन्हात बसलो होतो, ती लसूण सोलत होती. मी धीर करून म्हणाले, वैनी, माझ्या मायनं तुझ्याशी लई वाईट केलं. ती मायला मामी म्हणायची. म्हणाली, “मामींना कळलं न्हाई गं. त्यांना खरंच कळलं न्हाई. पर तुला कळलं होतं. तू माझ्याकडं बघितलं होतंस.” रागानं नाही म्हणाली. लसूण सोलत सोलत म्हणाली, आणि टरफलं फुंकून टाकली.  मी म्हणाले की मी मायला भ्याले होते. ती म्हणाली, हाव, लहानच होतीस की तू.

ते खोटं होतं मनू. मी मायला भीत नव्हते, धाकटी लाडकी लेक होते मी. वैनी आजारी आहे म्हटलं असतं तर तिच्यापाशी घरी कुणाला तरी ठेवावं लागलं असतं, आणि ती मीच असते. सगळं गाव रानात आणि मी पडवीत. माझी येळवस बुडाली असती. ती कापायलीय एवढं एकदा सांगितलं आणि बाकी तीन दिवस मी एवढ्यासाठी गप्प बसले. हे मी तुझ्या आजोबालाही कधी सांगितलं नाही, आणि इतकी वर्षं मायवर राग राग केला, तो खोटा नव्हता, पण त्यातला अर्धा माझ्या वाटणीचा होता. वैनीला हे तोंडावर सांगायचंय मला. तिचंही वय झालंय, माझंही. दोनदा गाडीची तिकिटं काढली आणि परत केली, एकटीनं तिच्यापुढं बसायचा धीर होत नाही. तू ये. कामाचं सांगू नको मला, शनिवारी निघ आणि ये. आपण दोघी नांदेडला जाऊ, तू नुसती माझ्या शेजारी बस. या थंडीतच ये बाळ, उन्हाळ्याचा भरवसा मी देत नाही.